घारगे कशाबद्दल?

३ मे, शनि.

पोचले एकदाची. विमान एवढंसं, बॅगा पायलटनेच चढवल्या. बसण्याआधी प्रत्येकाला वजन विचारून राहिले होते. मी पाच किलो कमी सांगितलं आणि मग पार उत्तरेचं, लेकीकडचं जेम्स बे येईपर्यंत जीव मुठीत धरून बसले.

मुग्धा घ्यायला आली होती. बरोबर जावई वॉल्टर, तो इथल्या मूळ रहिवाशांपैकीच, आणि त्याच्या कडेवर समू. अकरा महिन्यांचा झाला. रंग कुणाचा ते ठरवता येत नाही, डोळे मात्र आमच्याकडचे. मला बघून रडला नाही, सरळ आला. बाहेर पडल्यावर म्हटलं जरा बोट धरून चालवावं. खाली ठेवायला वाकले तर वॉल्टरने वरच्यावर झेलला. हसत हसतच, पण झेलला. मुग्धा म्हणाली, थंडी आहे आई. कसली थंडी. बर्फ जाऊन नुसता चिखल झालाय, लोक टी-शर्टवर फिरताहेत.

काहीतरी आहे.

विहीणबाई, म्हणजे वॉल्टरची आई डेझीबाई, शेजारच्याच घरात राहतात. लग्नात भेटल्या तेव्हा दोन दिवसांत चार वाक्यं बोलल्या असतील. आज दोन. "ये." "खा." मासा होता, बरा होता, मीठ कमी.

४ मे, रवि.

आज दिवसभर नुसतं बघितलं. इतकी वर्षं ब्रॉसार्डच्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये गार्डेरी, म्हणजे पाळणाघर, चालवलं मी, दुनियेभरची पोट्टी माझं बोट धरून चालायला शिकली. मूल कडेवर कधी घेतात आणि खाली का ठेवत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको.

घरात समू मोकळा. सोफा धरून फिरतो, स्टूल ढकलतो, फक्त हात सोडत नाही अजून. पण दार उघडलं की कुणीतरी उचलतंच. घर ते ट्रक कडेवर. ट्रक ते दुकान कडेवर. दुकानात खाली ठेवला, तिथे खुशाल फळ्या धरून चालला. बाहेर पडताना परत कडेवर. म्हणजे थंडी नाही आणि चिखलही नाही. घराबाहेर ह्याचा पाय जमिनीला लागू द्यायचा नाही, असं काहीतरी ठरलेलं आहे.

आंघोळ घालताना पाय तपासले. टाचा, घोटे, बोटं, मांड्यांच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या. दोष काही नाही. मग?

मु.ला सरळ विचारलं. म्हणे, "आई, इथे एवढं विचारत नाहीत गं. बघतात. तूही बघ, कळेल." चार वर्षं इथल्या क्लिनिकमध्ये नर्स आहे तर मला शिकवते. नागपूरच्या बाईने न विचारता राहायचं म्हणजे खायचं काम नाही.

संध्याकाळी डेझीबाईंकडे डोकावले. काहीतरी शिवत होत्या. मला बघितल्याबरोबर उशीखाली सरकवलं. धुरकट वास, कातड्याचा. "काय शिवता?" म्हटलं. "असंच." माझ्या हातात चहा दिला आणि स्वतः त्या उशीला टेकून बसल्या.

ह्यांना फोनवर सगळं सांगितलं. म्हणाले, "तू पोलिसात जायला हवं होतंस. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या आत परत ये म्हणजे झालं." ह्यांना कशाचंच काही नसतं.

५ मे, सोम.

गाव रिकामं होऊन राहिलं. शाळा बंद, ऑफिसं बंद. दक्षिणेकडून गूज परत येतात, मोठे रानहंस, त्यांच्या शिकारीची ही सुट्टी. आपण दिवाळीला गावी जातो तसे सगळे जंगलात आपापल्या कॅम्पवर जातात. आम्हीही उद्या.

दुकानात एक बाई भेटली, मु.च्या ओळखीची. म्हणाली, "तू सॅमीची दुसरी कोकुम?" समूला हे सगळे सॅमी म्हणतात. कोकुम म्हणजे आजी, मला आपली सोलकढी आठवली. पण ते 'दुसरी' खटकलंच. पुढे म्हणाली, "मुग्धाच्या नाइट ड्यूट्या सुरू झाल्या की तो डेझीकडे राहील ना? छान. डेझीलाही तिच्या आजीनेच वाढवलं, जंगलात." इथे म्हणे पुष्कळ घरांत पहिलं नातवंड आजीच वाढवते. सहज बोलून गेली ती. मी भोपळ्याचा डबा हातात घेऊन तशीच उभी राहिले.

मु.ला विचारलं तर म्हणते, अजून काही ठरलेलं नाही. अजून म्हणजे ठरून राहिलं आहे.

आता सगळं लक्षात यायला लागलं. पोरगं हळूहळू तिकडचं होणार. मी वर्षाकाठी एकदा बॅगेत चिवडा घेऊन येणार आणि तो दारातून मला हॅलो म्हणणार. एकुलती एक लेक माझी. तिचं एकुलतं एक. राग येतो, आणि कुणावर काढायचा तेही कळत नाही.

७ मे, बुध.

काल कॅम्पवर आलो. बराच वेळ ट्रकने, मग पायवाट. समू वॉल्टरच्या पाठीवर बांधलेला. पाय अर्थातच अधांतरी.

मोठा तंबू आहे, खांब वर एकत्र बांधलेले, मधे चूल, धूर वरून जातो. खाली स्प्रूसच्या झाडाच्या कोवळ्या फांद्या दाट अंथरलेल्या. वास इतका छान की पहिल्यांदा आत शिरले तेव्हा मी सगळं विसरले. तंबूत समूला खाली सोडतात. तो दाराशी गेला की डे.बा. बसल्या जागेवरून आपला पाय आडवा घालतात. रागवत नाहीत, बघतसुद्धा नाहीत. नुसता पाय.

इथे नियम पुष्कळ आहेत आणि कुणी सांगत नाही. चुकलं की कळतात. माझं जांभळं जॅकेट काल वॉल्टरने न बोलता काढून नेलं आणि एक मळखाऊ हिरवं आणून दिलं. मला वाटलं माझं आवडलं नाही. नंतर समजलं, गूजना वरून रंग दिसतो आणि ते वळून जातात. टॉवेल वाळत टाकला, थोड्या वेळाने घडी घालून आत ठेवलेला. मोठ्याने हाक मारायची नाही. मी हळू बोलते असं आजवर मला कुणी म्हणालेलं नाही.

गूज भाजायची पद्धत बघण्यासारखी. दोरीला टांगून चुलीशी लोंबता ठेवतात, बाई शेजारी बसून दोरीला पीळ देत राहते, तो गरगर फिरत भाजला जातो आणि चरबी खाली ताटात ठिबकते. सावजी रस्सा खाऊन वाढलेली बाई मी, पण खोटं कशाला बोलू, फार चांगला लागला. हाड बाहेर कुत्र्यापुढे टाकलं. डे.बा. उठल्या, कुत्र्याच्या तोंडातून ते काढलं, बाकीच्या हाडांबरोबर फडक्यात बांधलं आणि लांबच्या एका झाडाला टांगून आल्या. जनावराचा मान असतो, त्याची हाडं कुत्र्याला घालत नाहीत, हे मला मागाहून मु.ने सांगितलं. त्यांनी मला शब्दाने विचारलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ही बाई सगळं बघते आणि काही बोलत नाही. अशा माणसाचा अंदाजच येत नाही बाप्पा.

आज दुपारी त्या आणि वॉल्टर त्यांच्या भाषेत बोलत होते. मधे मधे सॅमी, सॅमी. मी आत आले तर दोघं गप्प.

८ मे, गुरु.

लिहू की नको.

सकाळी मु. आणि वॉल्टर गूजची वाट बघायला आडोशाला जाऊन बसले. डे.बा. पलीकडच्या छोट्या तंबूत, कालच्या गूजची पिसं काढायला. समू झोपला होता. मला म्हणाल्या, "बघ त्याच्याकडे." एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याला एकटा माझ्यावर सोडला. विश्वास टाकला की परीक्षा घेतली, देव जाणे.

समू उठला, खेळला, मग दाराशी गेला आणि कनात हलवायला लागला. आडवा पाय घालायला मीच होते. नाही घातला.

काय चुकलं माझं? आपल्याकडे पाचव्या महिन्यात मूल जमिनीवर बसवतात, पूजा करतात, धरणीमाते ह्याला सांभाळ म्हणतात. मुग्धाला माझ्या सासूबाईंनी नागपुरात धंतोलीच्या अंगणात बसवलं होतं. ह्याचं कुणी काही केलं नाही. आणि ह्याच्या सगळ्या पहिल्या गोष्टी ह्यांच्याच का? पहिला घास त्यांचा, पहिली अंगाई त्यांची. एक तरी माझी असू दे.

तंबूमागे नेला. तिथे शेवाळ आहे, मऊ, ओलसर, मधे काळी माती. मोजे काढले. मातीला हात लावून नमस्कार केला आणि त्याला उभं केलं. आधी बोटं आक्रसून घेतली त्याने. मग माझं बोट सोडलं. मी नाही सोडवलं, त्याने सोडलं. आणि चालला. घरात सोफा न सोडणारं पोट्टं उघड्या जमिनीवर एकटं चाललं. एका वाळक्या फांदीपर्यंत गेला, फतकल मारून बसला आणि मागे वळून माझ्याकडे बघून खिदळला.

मला रडू आवरेना.

कुणी बघितलं नाही. पिसांच्या तंबूचं दार पलीकडच्या बाजूला आहे. बहुतेक बघितलं नाही.

पाय पुसले, मोजे चढवले, आत आणला. जीव एवढा भरून आला होता की काहीतरी गोड केल्याशिवाय राहवलं नसतं. गूळ पिशवीत होता, भोपळ्याचा डबा होता, कणकेऐवजी मैदा. घारगे केले. तूप नव्हतं, गूजच्या चरबीत तळले, फुगले मात्र सुरेख. डे.बा. आल्या, एक खाल्ला, दुसरा घेतला. "कशाबद्दल?" म्हणाल्या. मी म्हटलं, "असंच." त्यांचाच शब्द त्यांना परत.

मग मु. आली. एक घारगा तोंडात घातला आणि चावायची थांबली. माझ्याकडे बघितलं. "आई, घारगे का केलेस?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या घरात मूल उंबरठा ओलांडून बाहेर पाऊल टाकतं त्या दिवशी घारगे करतात. एरवी नाही. लहानपणापासून मीच तिला सांगत आले आहे. इतकं लपवलं आणि वर त्याचे घारगे करून गावभर वाटले. माझ्यासारखी भैताड मीच.

९ मे, शुक्र.

काल पुढचं लिहवलं नाही.

मु. मला पाण्याच्या निमित्ताने ओढ्याकडे घेऊन गेली. म्हणाली, "खाली ठेवलास?" म्हटलं, ठेवला. ती बादलीवर बसली. मग सगळं सांगितलं.

इथे मूल चालण्याच्या बेताला आलं की एका पहाटे त्याला तंबूतून चालत बाहेर काढतात. नवे कपडे, नवे बूट. दारापासून एका झाडापर्यंत फांद्या अंथरतात, त्यावरून ते मूल आईबापांचं बोट धरून चालतं, झाडाला वळसा घालून परत येतं. म्हातारी माणसं वाट बघत असतात. घराबाहेरच्या जमिनीवर त्याची पहिली पावलं ती. त्याआधी बाहेर पाय टेकवू देत नाहीत. त्या दिवसापासून ते मूल जंगलात आलं, जनावरांत आलं, माणसांत आलं. रविवारी समूचं आहे. डे.बा. हिवाळाभर त्याचे कपडे शिवताहेत. उशीखाली तेच होतं.

"मग मला सांगायला काय झालं होतं?" मी विचारलं. राग आला होता खरंच.

"डेझीला तुला दाखवायचं होतं. ती म्हणाली, सांगू नका, आली की बघेल. तुझं तिकीट तिनेच ह्या दिवसांचं काढायला लावलं."

ओढ्याकडे बघत बसले.

मग म्हटलं, "मुग्धा, ऐक, तो तिथे," तर तिने हात वर केला. "नको सांगूस. उभा राहिला की चालला ते मला सांगूच नकोस. मला कळलं तर वॉल्टरला सांगावं लागेल. त्याच्यापासून मी काही लपवत नाही." आणि बादली उचलून चालायला लागली. आज सकाळपासून माझ्याशी कामापुरतं बोलते.

डे.बा. नेहमीसारख्याच. नेहमीसारख्या म्हणजे कशा, हेच तर कळत नाही. सकाळी समूचे मोजे धुवून चुलीशी वाळत घातले. मोजे तर सोमवारी गावात धुतलेले होते. मुद्दाम मला दिसतील असे घातले का? विचारायची सोय नाही. समूच्या बोटांच्या बेचक्यात काल संध्याकाळी थोडं शेवाळ राहिलं होतं, ते मी काढलं. सगळं काढलं का?

डे.बा.ना सांगितलं तर रविवार होणार नाही. मु.चं सासर आहे हे, तिला इथे राहायचं आहे. आणि समू? ज्याची सगळे वाट बघताहेत ते त्याच्या आजीने आधीच उरकून टाकलं, असं होणार. नाही सांगितलं तर त्या पहाटे एवढी माणसं त्याच्या पायांकडे बघणार आणि मी पण त्यांच्यात उभी राहून बघणार. पहिलं पाऊल म्हणून.

ह्यांना फोन करावा तर इथे नेटवर्क नाही. एका परीने बरंच.

१० मे, शनि.

सकाळी डे.बा.नी मला खूण केली, ओठांनीच दिशा दाखवली, चल. उद्यासाठी फांद्या आणायच्या होत्या. बायकांचं काम. जाड टोक मोडून घ्यायचं, कोवळं ठेवायचं, एकावर एक रचायचं. मी बघून बघून केलं. बराच वेळ दोघी नुसत्या फांद्या मोडत होतो. इतकी शांतता की माझाच श्वास मला ऐकू यायला लागला. मला वाटलं मीच सांगून टाकीन आता, ही बाई न बोलता माणसाकडून काढून घेते.

तेवढ्यात त्यांनीच विचारलं. हातातली फांदी मोडताना, वर न बघता. "तो चालला?"

काय म्हणायचं होतं त्यांना? कधी चालला, कुठे चालला, काही नाही. तो चालला, एवढंच. म्हणजे बघितलं होतं. किंवा मु. बोलली. किंवा मोजे. किंवा घारगे, पण घारग्यांचं त्यांना कुठून माहीत.

मी म्हटलं, "नाही. मी धरून ठेवला होता. फक्त उभा केला."

बोलून गेले. धडधडीत खोटं. इंग्रजीत बोलले म्हणून जरा कमी खोटं वाटलं, पण खोटंच.

त्यांनी फांद्यांचा भारा बांधला. "उभं राहणं म्हणजे चालणं नाही," म्हणाल्या. सावकाश, जड आवाजात. मग भारा माझ्या पाठीवर नीट बसवून दिला, दोरी सरळ केली आणि म्हणाल्या, "ते गोड उद्याही कर."

मु.ला एकटी गाठून विचारलं, तू सांगितलंस का सासूला, घारगे कधी करतात ते? शपथ घेऊन म्हणाली, नाही. लेक खोटं बोलत नाही माझी. मग त्या असं का म्हणाल्या? आवडले म्हणून? त्या वयाच्या बाईला गोड आवडू शकतं. पण ज्या पद्धतीने म्हणाल्या.

विश्वास ठेवला की मला वाचवलं? की पेचात धरलं?

११ मे, रवि.

झालं नाही. वारा आहे म्हणून उद्यावर ढकललं. तंबूचा धूर आत फिरतो, म्हाताऱ्यांना त्रास होतो, असं वॉल्टर म्हणाला. वारा कालही होता. परवाही होता.

डे.बा.चे थोरले भाऊ गावाहून आलेत, फार म्हातारे, सगळे त्यांच्यासमोर आवाज खाली आणतात. बाहेर लाकडाच्या ओंडक्यावर त्या बहीणभावांचं बराच वेळ बोलणं चाललं होतं. थोरल्या भावांनी एकदा वळून माझ्याकडे बघितलं. मी मैदा मळत होते. मळत राहिले. ढकललं ते वाऱ्यामुळे की माझ्यामुळे? कुणी बोलत नाही. रविवारी शिकार करत नाहीत, त्यामुळे सगळे दिवसभर तंबूत. मला कुठे लपायलाही जागा नाही.

मु. संध्याकाळी शेजारी येऊन बसली. डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं. बोलली काही नाही. हीसुद्धा आता त्यांच्यासारखी व्हायला लागली.

१२ मे, सोम.

झालं.

उजाडताना सगळ्यांना बोलावलं. वारा पडला होता, हे खरं. समूला नवे कपडे घातले. हरणासारख्या मोठ्या जनावराच्या कातड्याचे बूट, मऊ, धुराचा वास, वर मण्यांची फुलं. डोक्याला टोपडं. हातात लाकडाची एवढीशी बंदूक, तो शिकारी होणार म्हणून. बूट मी परत परत बघितले. हिवाळाभर बसून शिवलेले, आणि मी त्या बाईबद्दल काय काय मनात आणलं होतं.

डे.बा.नी मला हाताला धरून झाडाजवळ नेलं. दोन्ही आज्यांनी तिथे उभं राहायचं, तो चालत येईल त्या बाजूला. म्हणजे समोरासमोर. नजर चुकवायला जागा नाही.

कनात वर केली. उजेड सरळ आत. मु. एका बाजूला, वॉल्टर दुसऱ्या. समू उंबरठ्यावर थांबला. खाली बघितलं, फांद्यांकडे. सगळे थांबले. ही माणसं थांबू शकतात, कुणी ये ये करत नाही, टाळ्या नाहीत. मी मनात म्हटलं, चल रे राजा, चूक माझी आहे, तुझी नाही. आणि तो निघाला. चार पावलं बोट धरून, मग दोघांचीही बोटं सोडली आणि आपला आपण ठामपणे झाडापर्यंत. जराही डगमगला नाही. गुरुवारी डुलत होता तसा डुललासुद्धा नाही.

थोरले भाऊ काहीतरी म्हणाले, सगळे हसले. वॉल्टरने सांगितलं, "म्हणताहेत, हा तर जुना शिकारी आहे." मीही हसले. डे.बा. हसल्या नाहीत. समूकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. कशाने ते सांगता येत नाही.

मला रडायला आलं. लोकांना वाटलं आनंदाने. आनंद होताच, तो खोटा नव्हता. पण मु. पण रडत होती, तोंडावर हात धरून, माझं बाळ चाललं म्हणत. तिचं ते बघवेना मला.

मग त्याने परत आत जाऊन म्हाताऱ्यांशी हात मिळवले, प्रत्येकाने त्याच्या गालाला ओठ लावले, जेवण झालं. गूज, ब्रेड, मासा, घारगे. घारगे आधी संपले.

१४ मे, बुध.

परत निघाले. विमानतळावर समूला वॉल्टरने खुशाल खाली सोडला, चिखलात. आता चालतं. सगळीकडे पळतो. बुटांचं वाटोळं झालं, कुणाला काही नाही.

डे.बा.नी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, विमानाची हाक येईपर्यंत. निरोप होता, की सोडते तुला असा अर्थ होता? समू कुणाकडे राहणार ते मी विचारलं नाही. आता कोणत्या तोंडाने विचारू?

वजन खरं सांगितलं ह्या खेपेला.

१८ मे, रवि. ब्रॉसार्ड.

ह्यांच्या डोळ्याला पट्टी. थेंब घालते, पेपर वाचून दाखवते. ह्यांना सगळं सांगितलं, एक सोडून. "तू पहिलं पाऊल बघितलंस तर," म्हणाले. "नशीबवान आहेस." मी म्हटलं, हो, सगळ्यांनी बघितलं.

दुपारी मु.चा फोन आला. समू झोपलाय, कंटाळा आलाय म्हणाली. इकडचं तिकडचं झालं. मग एकदम म्हणाली, "आई, तेव्हा मी नको म्हटलं होतं. पण आता राहवत नाही. मी त्याची आई आहे. चालला होता ना तो तिथे? त्या पहाटे मला बघताक्षणी कळलं, हा पहिल्यांदा चालत नाहीये."

माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिच्या मागे रेडिओ लागला होता, त्यांच्या भाषेतला. मु.च्या घरात रेडिओ नाही. तो डे.बा.च्या स्वयंपाकघरात असतो, दिवसभर चालू.

"कुठून बोलतेस?" म्हटलं.

"इथूनच. का?"

"कोण आहे शेजारी?"

"कुणी नाही गं आई. तू पण ना."

डे.बा.ना मराठी समजत नाही. पण त्यांना समजायला भाषा लागते कुठे. की त्यांनीच विचारायला लावलं? की खरंच कुणी नव्हतं आणि लेक फक्त आपल्या पोराचं विचारत होती? मी म्हटलं, थांब, कुकर झाला, आणि फोन ठेवला. कुकर लावलाच नव्हता.

तिला सांगितलं तर आजपासून नवऱ्याशी लपवालपवी तिच्या वाट्याला. नाही सांगितलं तर पोराचं पहिलं पाऊल जिला कळायला हवं तिलाच माहीत नाही, आणि मी ते दाबून बसलेली. वर डे.बा.ना दिलेला शब्द. दिलेलं खोटं.

आणि खरं सांगू, ते सगळं बाजूला ठेवलं तरी मला सांगायचंय. फार सांगायचंय. माझं बोट सोडून, दोन्ही हात वर धरून, तोंड उघडं टाकून तो कसा गेला, ते मला माझ्या लेकीला सांगायचंय.